डिचोलीजवळ घर बांधतोय: ‘स्मार्ट’ आणि ‘ग्रीन’साठी पैसे नक्की कुठे घालावेत?

मयेवाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गोव्यात डिचोलीहून मयेला जाताना आमचं वडिलोपार्जित घर आहे. चिऱ्याच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढे लांब वसरी (ओसरी), मधे छोटं राजांगण (मोकळा चौक). वासे वाळवीने पोखरलेत आणि मागची भिंत सुटायला लागली आहे. लागूनच आमची 450 चौ. मी. जागा आहे, तिथे नवं घर बांधायचं ठरलंय. तळमजला आणि वर एक मजला.

पणजीच्या एका आर्किटेक्टकडून प्लॅन करून घेतला. दिसायला फारच सुंदर आहे. हॉल दुप्पट उंचीचा, पश्चिमेला डोंगर दिसतो म्हणून तिकडे 14 फूट रुंद आणि 18 फूट उंच अखंड काच. वर सपाट स्लॅब, त्यावर सोलर. दिवे, पडदे, एसी, गेट, सगळं मोबाइलवरून चालणारं ऑटोमेशन. शिवाय घराला ‘ग्रीन’ रेटिंग मिळवून देऊ असंही सांगितलंय. ऑटोमेशनचंच कोटेशन साडेपाच लाखांचं आहे.

घरात दोन मतं आहेत. बाबांना कौलं आणि वसरी हवी. बायको घरून काम करते, तिला दिवसभर बसता येईल अशी गार खोली हवी. मला स्वतःला आधुनिक घर आवडतं आणि वीजबिलही कमी यावं असं वाटतं. बजेट बेताचं आहे, सगळं एकदम जमणार नाही. गोव्याच्या हवेत यातलं खरोखर उपयोगाचं काय? ज्यांनी बांधलंय किंवा जे या धंद्यात आहेत त्यांनी कृपया सविस्तर सांगावं.

अंत्रुज_सिव्हिल

मी फोंड्यात राहते, सिव्हिल इंजिनिअर आहे. बांधकामावर देखरेख करणं हेच माझं काम, त्यामुळे थोडं लांबेल.

सुरुवात त्या काचेपासून करते, कारण तुमच्या घराचं सगळं गणित तिथे अडलंय. 14 बाय 18 म्हणजे साधारण 23 चौ. मी. काच. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला साडेपाचशे-सहाशे वॅट ऊन सहज पडतं. साध्या पारदर्शक काचेतून त्यातलं ऐंशी टक्क्यांच्या आसपास आत येतं. म्हणजे नुसत्या त्या एका काचेतून दहा किलोवॅटच्या आसपास उष्णता तुमच्या हॉलमध्ये. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. तेव्हा जवळजवळ तीन टन एसी फक्त काचेसाठी लागेल. माणसं, स्लॅब आणि स्वयंपाकघर वेगळं. चांगली कोटिंगवाली दुहेरी काच घातली तर हे टनाच्या थोडं वर येईल, पण तिचा भाव विचारून बघा. आणि एवढ्या मोठ्या काचेला सहसा उघडझाप नसते.

खरी अडचण त्या उघडझाप नसण्यातच आहे. आपल्याकडे दुपारचा समुद्राकडचा वारा पश्चिम-वायव्येकडून येतो. डिचोलीपर्यंत पोचताना त्याचा जोर कमी होतो, पण येतो. म्हणजे पश्चिमेकडूनच ऊन आणि पश्चिमेकडूनच वारा. अखंड काच ऊन आत घेते आणि वारा बाहेर ठेवते, दोन्ही बाजूंनी नुकसान. तुमच्या बाबांची वसरी याच्या बरोबर उलट काम करते. ती ऊन भिंतीपर्यंत येऊ देत नाही आणि वाऱ्याला वाट मोकळी ठेवते. म्हणून बाबांचं म्हणणं मला इंजिनिअर म्हणून पटतं, जुन्याची आवड म्हणून नव्हे.

लोक म्हणतात, पश्चिमेला छज्जा टाकू. दुपारी बारा-एकच्या उन्हाला छज्जा पुरतो. चार-पाचला सूर्य इतका खाली असतो की दोन फुटांच्या छज्ज्याखालून तो सरळ आत शिरतो. पश्चिमेला खोल वसरी, उभ्या पट्ट्यांची लाकडी जाळी, नाहीतर मातीच्या जाळीची दुसरी भिंत, यातलंच काहीतरी हवं. डोंगर बघायचा आहे ना? वसरीवर खुर्ची टाकून तो जास्त चांगला दिसेल.

अजून एक, जे बऱ्याच प्लॅनमध्ये सुटतं. ‘उत्तरेला ऊन येत नाही’ हे आपल्याकडे मे महिन्यात खरं नाही. गोवा साडेपंधरा अक्षांशावर. साधारण मेच्या सुरुवातीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि नंतर ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. जूनपासून ढग असतात म्हणून जाणवत नाही, पण मेमध्ये उत्तरेच्या खिडक्यांनाही सावली लागते. वहिनींची कामाची खोली ईशान्येला काढा, खिडकीवर छज्जा द्या. सकाळचं कोवळं ऊन येईल आणि दुपारी ती घरातली सगळ्यात गार खोली असेल. तिथे एक टनाचा पाच स्टारचा इन्व्हर्टर एसी पुरून उरतो.

आता छप्पर. एकमजली-दुमजली घरात सगळ्यात जास्त उष्णता वरून येते. पाच इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता खाली उतरायला तीन-चार तास घेतो. म्हणून संध्याकाळी, नेमकी माणसं घरी आली की वरच्या मजल्यावर उकडतं. रात्री नऊला अशा खोलीत स्टुलावर चढून सिलिंगला हात लावून बघा, ऊब हाताला लागते. अशा खोलीत पंखा फक्त गरम हवा फिरवतो. स्मार्ट थर्मोस्टॅट लावला तरी तो एसी जास्त वेळ चालवणार, दुसरं काय करणार?

भारत सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2018 मध्ये ‘इको निवास संहिता’ आणली. ती 500 चौ. मी. आणि त्यावरच्या भूखंडांसाठी आहे, तुमची जागा त्याहून लहान. तरी तिच्यातल्या दोन गोष्टी आर्किटेक्टकडून लिहून मागा. पहिली, आरईटीव्ही. घराच्या भिंती-खिडक्यांतून आत येणारी सरासरी उष्णता, तिची मर्यादा दर चौरस मीटरला 15 वॅट आहे. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्यासारख्या उष्ण-दमट हवेत खिडक्यादारांचा उघडणारा भाग चटईक्षेत्राच्या किमान 16.66 टक्के असावा, म्हणजे एक षष्ठांश. उघडणारा हा शब्द नीट बघा. दोन पट्ट्यांची सरकती अ‍ॅल्युमिनियम खिडकी अर्धीच उघडते, म्हणून ती अर्धीच धरायची. प्लॅनमध्ये भरपूर खिडक्या दिसतात आणि हिशेब मांडला की दहा टक्क्यांवर येतो, हे मी नेहमी बघते. साध्या कवाडांच्या खिडक्या लावा, पूर्ण उघडतात. समोरच्या भिंतीतही वाट ठेवा, नाहीतर आलेला वारा जाणार कुठे?

रेटिंगबद्दल. ‘गृह’ ही आपली राष्ट्रीय पद्धत, टेरी ही ऊर्जा संशोधन संस्था आणि केंद्राचं नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी मिळून उभी केलेली. अडीच हजार चौ. मी.पेक्षा लहान बांधकामांसाठी तिचीच ‘स्वगृह’ ही सोपी आवृत्ती आहे. आयजीबीसीचीही (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल) घरांसाठी वेगळी रेटिंग आहे. ऑफिस, हॉटेल, मोठा गृहप्रकल्प यांना या गोष्टी लागतात, कारण तिथे बिल्डर एक, राहणारा दुसरा, आणि कोणीतरी तिसऱ्याने तपासलेलं बरं. स्वतःसाठी बांधत असाल तर स्वगृहचे निकष वाचा, जेवढे झेपतील तेवढे पाळा आणि प्रमाणपत्राचे पैसे वसरीत घाला.

आधुनिक म्हणजे काच, असं कृपया समजू नका. कांपालची कला अकादमी आठवा. चार्ल्स कोरिया यांचं काम, 1983 साली पूर्ण झालेलं. त्यांचं मूळ गाव आपलंच, मयडे. रस्त्यावरून आत शिरलात की वर पर्गोला म्हणजे उघड्या तुळयांचा मांडव, खाली सावली, आणि थेट मांडवीपर्यंत मोकळी वाट. दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात नाटक बघून मध्यंतराला बाहेर आलं की नदीवरचा वारा अंगावर येतो, आणि त्यासाठी कुठलंही यंत्र चालू नसतं. चाळीस वर्षं झाली तरी ती इमारत आजही आधुनिकच दिसते. आर्किटेक्टना तिच्याबद्दल बोला, त्यांना तुमचं म्हणणं लगेच कळेल.

म्हापसा_वायरिंग

ताईंनी भिंतीचं सांगितलं, मी विजेचं सांगतो. म्हापशात आणि बार्देशभर घरांची वायरिंगची कामं करतो.

मयेवाट दादा, साडेपाच लाखांचं पॅकेज आत्ता घेऊ नका. पण वायरिंग मात्र आत्ताच अशी करून घ्या की उद्या पाहिजे ते लावता येईल. प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रलची वायर आणा, कारण बहुतेक स्मार्ट स्विचना ती लागते आणि आपल्याकडे जुन्या पद्धतीने बोर्डात फक्त फेजच आणतात. बॉक्स खोल घ्या. दोन मजल्यांमधे आणि गच्चीपर्यंत एक रिकामा पाइप टाकून ठेवा. याला फार खर्च येत नाही आणि नंतर भिंत फोडावी लागत नाही.

त्याहून आधी अर्थिंग. जांभ्या दगडाच्या टेकडीवर अर्थ चांगला लागत नाही, दगड विजेला वाट देत नाही. एक खड्डा खणून कोळसा-मीठ टाकलं की झालं असं समजतात. मीटर लावून रीडिंग घ्यायला लावा, कमी पडलं तर आणखी इलेक्ट्रोड टाका. मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये विजा कशा पडतात ते तुम्हाला माहीत आहे. मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा अचानक उसळलेला दाब अडवणारं यंत्र, बसवलंच पाहिजे. पहिल्याच गडगडाटात राउटर, गेटची मोटर आणि सोलर इन्व्हर्टर एकदम गेलेली घरं मी पाहिली आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी हेच दोन खर्च वाचवलेले होते.

ऑटोमेशनमधे रोज उपयोगी पडणारी गोष्ट कोणती विचाराल तर पंप. टाकीत लेव्हल सेन्सर, विहिरीत ड्राय-रन सेन्सर. टाकी भरली की पंप बंद, विहीर आटली की पंप बंद. मोटर जळत नाही, पाणी वाहत नाही. वयस्कर माणसं असतील तर जिन्यात आणि बाथरूमच्या वाटेवर हालचालीवर लागणारे दिवे. काहीही घेतलंत तरी इंटरनेट गेल्यावर साध्या बटणाने चालतंय ना ते दुकानातच बघा. पावसात नेट किती वेळा जातं ते मी सांगायला नको.

पंखे बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशच्या मोटरचे घ्या. साधा पंखा 75 वॅट खातो, हा 30 च्या आसपास. पाच पंखे बारा तास चालले तर दिवसाला पावणेतीन युनिट वाचतात, महिन्याला ऐंशी. एवढी वाचवणारी दुसरी ‘स्मार्ट’ वस्तू मला माहीत नाही.

सोलर जरूर घाला. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये सबसिडी आहे. कोरड्या दिवसांत 3 किलोवॅटमधून दिवसाला बारा युनिटच्या आसपास मिळतात, जुलैत बरेच कमी होतात. मात्र एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. साधी ऑनग्रिड, म्हणजे सरकारी लाइनला जोडलेली सिस्टीम लाइट गेली की आपोआप बंद होते. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक लागू नये म्हणून तसं केलेलं असतं आणि ते बरोबरच आहे. लाइट गेल्यावरही चालायला हवं असेल तर बॅटरीसकट हायब्रिड घ्यावं लागेल, त्याचा खर्च वेगळा. आणि आजूबाजूचा एखादा माड पॅनेलवर सावली टाकतोय का ते आधी बघा.

पर्वरी_चौथा_मजला

आम्ही फ्लॅटवाले. ब्रोशरमधे ‘ग्रीन’ लिहिलेलं बघून घेतला. पुढच्या बाजूला काच, कॉरिडॉर बंद, वरती लॉन. जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते, दुपारी तीननंतर हॉलमधे बसवत नाही. ताई, आमच्यासारख्यांनी काय करावं?

अंत्रुज_सिव्हिल

पर्वरीकर, काचेच्या आतून पडदा लावलात तर ऊन आधीच घरात आलेलं असतं. सावली बाहेरून हवी. सोसायटीची परवानगी घेऊन बाहेरच्या बाजूला गुंडाळता येणारे ब्लाइंड किंवा बाल्कनीला बांबूची चिक लावा. आपल्या आज्या पावसाळ्याआधी चुडतांचे झाप भिंतीला बांधायच्या ते पावसासाठी, पण तत्त्व तेच, भिंतीच्या बाहेर दुसरी भिंत. काच बदलता येत नसेल तर बाहेरून लावायची सोलर फिल्म मिळते. बुरशीसाठी जुलैत एसी थंडीवर न ठेवता ड्राय मोडवर रोज थोडा वेळ चालवा. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा. आणि कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांच्या काचा काढून तिथे लूव्हर, म्हणजे हवा जाऊ देणाऱ्या तिरक्या पट्ट्या, लावता येतील का हे सोसायटीच्या सभेत मांडाच, सगळ्या मजल्यांना फरक पडेल.

मयेवाट

सगळ्यांना देव बरें करूं. आर्किटेक्टना काचेचा हिशेब दाखवला, त्यांनी मोकळेपणाने ऐकून घेतलं आणि पश्चिमेला दहा फूट खोल वसरी काढायला तयार झाले.

तीन प्रश्न राहिलेत. एक, भिंती चिऱ्याच्या की एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या? दोन, बाबांना कौलं हवीत, पण आमच्याकडे माकडं फार, दर वर्षी कौलं फुटतात. तीन, विहीर मार्चपर्यंत तळ गाठते. पावसाचं पाणी साठवायला 10,000 लिटरची टाकी पुरेल का? प्लॉटला थोडा उतार आहे, तो कापून सपाट करायचा विचार आहे, तेही सांगा.

अंत्रुज_सिव्हिल

उतारापासून सांगते, कारण ते एकदा केलं की परत होत नाही. कापू नका. टेकडी कापायला आणि सखल जागा भरायला नगरनियोजन कायद्याच्या कलम 17-अ प्रमाणे परवानगी लागते, तो भाग झालाच. पण जांभ्याच्या उतारात पावसाचं पाणी आतून झिरपत असतं. उभा कडा केलात तर ते पाणी तुमच्या मागच्या भिंतीतून बाहेर पडतं. तुमच्या जुन्या घराची मागचीच भिंत सुटली आहे ना, तिच्यामागे काय आहे बघा एकदा. प्लिंथ, म्हणजे जोतं, दोन पायऱ्यांत घ्या, हॉल एका पातळीला आणि झोपायच्या खोल्या अडीच फूट वर. घरालाही शोभा येईल.

भिंती. उष्णता अडवण्यात एएसी चिऱ्याच्या तीन-चार पट सरस आहे. पण तो पाणी शोषतो आणि आपल्याकडचा वाऱ्यासकट येणारा पाऊस म्हणजे त्याची परीक्षाच. बाहेरचं प्लास्टर कसलेल्या माणसाकडून झालं नाही तर भेगांतून ओल येते. चिरा इथलाच, भट्टीत भाजावा लागत नाही, गवंड्यांच्या हाताला सवय आहे. तुमच्या जुन्या भिंतींतले चांगले चिरे सोडवून घ्या, ते वर्षानुवर्षं हवेत राहून आणखी टणक झालेत. नवे कमी लागतील आणि तेवढी एखादी टेकडी वाचेल. नवे घ्याल ते परवाना असलेल्या चिरेखाणीचेच घ्या, पावती मागा. माझं मत असं: वसरीच्या सावलीत येणाऱ्या आणि उत्तर-पूर्वेच्या भिंती चिऱ्याच्या, आणि वरच्या मजल्याची पश्चिमेची उघडी भिंत एएसीची. उघडा चिरा दिसावा अशी हौस असेल तर पावसाच्या माऱ्याच्या बाजूला नको, शेवाळ धरतं.

कौलं आणि माकडं. हल्ली उतरता स्लॅब घालून त्यावर सिमेंटमधे कौलं चिकटवतात. दिसतं छान, पण स्लॅब आणि कौलांमधे हवाच राहत नाही. कौल गार ठेवायचं ते खालून हवा फिरल्यामुळे, तीच बंद झाली. शिवाय एक कौल फुटलं तर छिन्नी लावून काढावं लागतं आणि मग गळती सुरू होते. उतरत्या स्लॅबवर गंज न चढणाऱ्या पट्ट्या मारा आणि त्यावर कौलं नुसती बसवा. खाली दोन इंच पोकळी, वळचणीला आणि आढ्याला जाळी लावून हवेला वाट. माकडाने कौल फोडलं तरी स्लॅबमुळे पाणी आत येत नाही, आणि वडिलांना शिडी लावून स्वतः बदलता आलं नाही तरी एक माणूस तासाभरात बदलतो. हे महाग वाटलं तर सपाट स्लॅबवर लोखंडी ट्रस आणि पत्रे, जसे गोवाभर दिसतात. त्यात मधे माणूस उभा राहील एवढी जागा आणि चारही बाजू उघड्या ठेवा. पत्रा ऊन घेतो, स्लॅब सावलीत राहतो, कपडे वाळतात, सोलरही वर बसतं. फक्त ते परवान्याच्या नकाशातच दाखवा, नंतर पंचायतीत खेटे नकोत.

पाणी. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तुमचं छप्पर 120 चौ. मी. धरलं तर त्यावर साडेतीन लाख लिटरच्या वर पाणी येतं, वाया जाणारं सोडलं तरी पावणेतीन लाख हाताशी. पण जुलैच्या एका दिवसात 100 मिलिमीटर पडला की तुमची 10,000 लिटरची टाकी त्याच दिवशी भरून वाहते. मग ती चार महिने भरलेलीच राहते आणि उन्हाळा सुरू होताच पंधरवड्यात संपते. मार्चसाठी टाकीचा उपयोग नाही, विहिरीचा आहे. पन्हळीचं पाणी, पहिल्या दोन-तीन पावसांचं सोडून, खडी-वाळूच्या गाळणीतून विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडा. सेप्टिक टँकचा खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला नसावा. जांभा सच्छिद्र, पाणी आत लवकर जातं आणि उताराने निघूनही जातं, म्हणून पहिल्याच वर्षी चमत्कार होईल असं नाही. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून केलंत तर विहिरीला मार्चमधे फरक दिसतो, हे मी प्रियोळच्या बाजूला पाहिलंय. टाकी हवीच असेल तर छोटी घ्या, फ्लश आणि झाडांसाठी.

आणि एक, कोणत्याच प्लॅनमधे नसतं म्हणून सांगते. चवथीचा गणपती कुठल्या भिंतीला बसणार ते आत्ताच ठरवा आणि स्लॅब ओतण्याआधी माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर फळं-भाज्या टांगायच्या चौकटीसाठी, चार हुक सळईला बांधून घ्या. नारळ, सुपारीची शिपटी, भोपळे टांगले की त्या चौकटीला बरंच वजन येतं. नंतर ड्रिल मारून फास्टनरवर टांगायची वेळ आणू नका.

नवा नकाशा आला की सेक्शनसकट (घराच्या उभ्या छेदासकट) इथे टाका, खिडक्यांची मापं वाचता येतील असा. उघडणारा भाग मी मोजून देते.